शाळेचे कॅमेरे आणि त्यांच्या बॅटऱ्या

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे द्यावीत, असे आवाहन समितीने माजी विद्यार्थ्यांना केले तेव्हा छायाचित्रे थोडी आली आणि बंद पडलेले डिजिटल कॅमेरेच अधिक आले. कोणी कापडी पिशवीत गुंडाळून, कोणी मिठाईच्या डब्यात घालून, एकाने तर औषधाच्या खोक्यातून कॅमेरा पाठवला. निरोप मात्र थोड्याफार फरकाने सर्वांचा एकच होता : ‘यात शाळेचे फोटो आहेत, पण तो चालू होत नाही आणि चार्जिंगला लावला तरी काही होत नाही.’ असे नऊ कॅमेरे जमले. ते समितीतील आम्हा तिघांकडे सोपवण्यात आले, कारण आमच्यापैकी एकाने काही वर्षे मोबाइल दुरुस्तीचे काम केले आहे आणि उरलेल्या दोघांनी शाळेच्या कार्यक्रमांत कॅमेरा हाताळला आहे. उन्हाळी सुटीतील तीन आठवडे आम्ही या कामाला दिले. नऊपैकी सात कॅमेरे पुन्हा चालू झाले. त्यांतील एकही कॅमेरा उघडावा लागला नाही. जे काही करावे लागले ते बॅटरी, चार्जर आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या एवढ्यांतच.

या खटाटोपाचे मोल चकलांबा परिसरातील वाचकांना वेगळे सांगावे लागणार नाही. आपल्या वसतिगृहातील पुष्कळ मुले ऊसतोड कामगारांची. दसरा झाला की आईबाप मुकादमाची उचल घेऊन कारखान्याची वाट धरीत आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गावी परतत. त्या पाच-सहा महिन्यांत मुलाचे दुधाचे दात पडत, ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेत ते पहिल्यांदा माईकसमोर उभे राही, ३ जानेवारीला एखादी मुलगी सावित्रीबाई होऊन व्यासपीठावर येई. आणि हे सारे आईबापांच्या डोळ्यांआड घडे. मोबाइलमधला कॅमेरा तेव्हा आपल्याकडे घरोघरी पोहोचला नव्हता. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या मामाचा किंवा मोठ्या भावाचा छोटा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला जाई. फोटो काढले जात, त्यांतील दोन-चारांच्या प्रती गेवराईच्या स्टुडिओतून काढून कारखान्याकडे निघालेल्या कोणाच्या तरी हाती दिल्या जात. कोपीच्या बांबूला प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकवलेला आपल्या लेकराचा फोटो काही पालकांनी आजही जपून ठेवला आहे. पण प्रतीला पैसे पडत, म्हणून प्रती थोड्या निघाल्या. बाकीचे फोटो कॅमेऱ्यातच राहिले.

कॅमेऱ्यात राहिले, म्हणजे नेमके कोठे, हेही पाहावे लागले. कार्ड असेल तर काम सोपे, कारण कार्ड काढून संगणकाला जोडता येते आणि कॅमेरा चालू होण्याची गरजच उरत नाही. परंतु त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत थोडी अंतर्गत स्मृतीही असे. कार्ड घातलेले नसेल तर पहिले दहा-पंधरा फोटो तेथे साठत. ते बाहेर काढायचे तर कॅमेरा जागा झालाच पाहिजे, आणि त्यासाठी बॅटरी हवी. आमच्याकडील तीन कॅमेऱ्यांत कार्ड नव्हते.

येथे थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर स्प्रिंगच्या बळावर उघडे आणि मिटे; वीज लागलीच तर ती फ्लॅशला. प्रत्येक कॅमेरा विजेवाचून आंधळा झाला तो डिजिटल झाल्यावर. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा तो सुमारे साडेतीन किलो वजनाचा होता, एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत आणि तो चालवायला १६ निकेल-कॅडमियम सेल बसवावे लागत. पुढे १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि कॅमेरा खिशात मावू लागला. या बॅटरीच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी लहान झाली. तिचे लाड मात्र वाढले.

आमच्याकडील तीन कॅमेरे पेन्सिल सेलवर चालणारे होते. त्यांची कथा आधी सांगतो, कारण ती लवकर संपते. एका पालकांनी नवे सेल घालूनच कॅमेरा पाठवला होता. भिंग बाहेर येई, पडदा क्षणभर उजळे, ‘बॅटरी बदला’ अशी सूचना दिसे आणि सारे मिटे. सेल खरोखर नवे होते, पण ते घड्याळाचे होते. गावच्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला चालणारे साधे जस्त-कार्बनचे सेल मिळतात. भिंग पुढे ढकलायला आणि फ्लॅश भरायला जो प्रवाह लागतो तो घड्याळाला लागणाऱ्या प्रवाहाच्या हजारो पट असतो. एवढे ओझे पडले की या सेलचा दाब कोसळतो आणि कॅमेरा समजतो की सेल संपले. अल्कलाइन सेल बरेच बरे. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल सर्वांत उत्तम. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट छापलेले पाहून लोक ते कमी दर्जाचे समजतात. परंतु ओझ्याखाली दाब टिकवण्याचा गुण त्यांच्यात आहे. जुन्या पद्धतीचे असे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत रिकामे होत. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप सेल आणले आणि ही खोड बरीच कमी झाली.

दुसऱ्या कॅमेऱ्यात एक सेल नवा आणि एक जुना असा संसार होता. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून उलटा प्रवाह रेटत राहतो, आणि शेवटी जुना फुटून गळतो. येथे तसेच झाले होते. स्प्रिंगवर पांढरे-हिरवे मीठ धरले होते. अल्कलाइन सेलमधून येणारे हे क्षार लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने निघतात. रस आत ओघळू द्यायचा नाही, नंतर स्पिरिटने पुसायचे आणि दिवसभर उघडे ठेवून वाळवायचे. तिसऱ्या कॅमेऱ्याला तर खोडरबरही पुरले. सेलच्या टोकांवर आणि पत्र्यांवर हाताच्या घामाचा, धुळीचा एक पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला अडवतो. पेन्सिलीचे खोडरबर हळुवार घासले, चुरा झटकला, की काम झाले. आठवडाभर मोठमोठ्या बिघाडांची चर्चा केल्यावर दोन रुपयांच्या खोडरबराने कॅमेरा चालू व्हावा, याचा आनंद आमच्यातील दुरुस्तीवाल्याला फारसा झाला नाही.

उरलेले सहा कॅमेरे लिथियम-आयन बॅटरीचे. येथे दोष तीन ठिकाणी असू शकतो : बॅटरीत, चार्जरमध्ये किंवा कॅमेऱ्यात. तिघांचा संशय एकदम घेतला की गोंधळ होतो. म्हणून आम्ही अदलाबदलीचा मार्ग धरला. चांगली ठाऊक असलेली बॅटरी संशयित चार्जरला लावायची, संशयित बॅटरी चांगल्या चार्जरला. बॅटरीचे मॉडेल अक्षर-अंकांसह तंतोतंत जुळले तरच हे करायचे. आकाराने बसते म्हणून दुसरी बॅटरी कोंबणे धोक्याचे आहे.

या बॅटरीवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असे छापलेले असते. पूर्ण भरल्यावर तिचा दाब ४.२ असतो आणि ३ च्या आसपास आला की कॅमेरा तिला रिकामी मानतो. वर्षानुवर्षे कपाटात पडली तर ती त्याच्याही खाली उतरते. मग आतील संरक्षक मंडल दार बंद करते आणि मीटर लावला तर शून्य दाखवते. लोक येथेच तिला टाकून देतात. पण मूळ चार्जर चांगला असेल तर तो प्रथम अगदी बारीक प्रवाह सोडून तिला चाचपतो आणि तिने प्रतिसाद दिला तरच पुढे भरतो. आमच्या दोन बॅटऱ्या अशाच, पाऊण-एक तासाच्या उपासानंतर जाग्या झाल्या. तासाभरात दिवा स्थिर झाला नाही तर नाद सोडावा. तार जोडून, दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन तिला उठवण्याच्या युक्त्या काही जण सांगतात. फार खोल उतरलेल्या बॅटरीत आतले तांबे विरघळून नको तेथे बसलेले असू शकते; तिला बळेच भरली तर ती तापते, पेटते. फुगलेली बॅटरी तर चार्जरला लावूच नये, टोचू नये, चुलीत किंवा उकिरड्याच्या आगीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

एक बारकावा बऱ्याच जाणकारांनाही ठाऊक नसतो. कॅमेऱ्याच्या बॅटरीला दोन नव्हे, तीन किंवा अधिक पट्ट्या असतात. धन आणि ऋण यांच्यामधली पट्टी तापमान सांगण्यासाठी असते. ती मळली तर बॅटरी आणि चार्जर दोन्ही ठणठणीत असूनही दिवा लुकलुकत राहतो, कारण बॅटरी किती तापली आहे हे चार्जरला कळत नाही आणि तो शहाण्यासारखा थांबतो.

विजेच्या दाबाबद्दल आपल्याकडे फार बोलले जाते. भारनियमनाच्या वर्षांत रात्री-अपरात्री लाईट येई आणि मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडत. ‘दाब कमी, म्हणून चार्ज होत नाही,’ हे वाक्य नऊपैकी निदान चार निरोपांत होते. पण चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. दिवे पिवळे पडले तरी त्याचे काम बहुधा चालू राहते. त्याला मारतो तो वाढलेला दाब. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार तुटली की २३० च्या जागी चारशेच्या घरातही व्होल्ट घरात शिरतात, आणि त्या क्षणी जे जे लावलेले असेल ते जळते. एका कॅमेऱ्याचा चार्जर असाच गेला होता. वास घेतल्याबरोबर कळले. त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर एका शिक्षकांच्या घरी निघाला आणि कॅमेरा चालू झाला. बाकी चार निरोपांतील खरे कारण त्याहून साधे होते. दोन पिनांचा प्लग तीन पिनांच्या ढिल्या सॉकेटमध्ये लोंबकळत होता आणि पंख्याच्या वाऱ्यानेही त्याचा स्पर्श सुटत होता.

आता त्या कॅमेऱ्याविषयी, ज्याच्यासाठी आम्ही सर्वांत अधिक झटलो. तो पाठवणारी माजी विद्यार्थिनी आज एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : ‘यात मावशी आहेत.’ वसतिगृहाच्या पहिल्या काळात ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीच्या धुरात, आम्हा सर्वांच्या भाकरी थापल्या त्या मावशी. आधार कार्डाचे काम गावात येण्यापूर्वीच त्या गेल्या. त्यांचे छायाचित्र शाळेकडे नव्हते. त्यांच्या लेकीला विचारले तर ती म्हणाली, ‘सर, दुसरा फोटू न्हाई आईचा. रेशनकार्डावरचाबी आता दिसंना.’

कॅमेऱ्यात कार्ड नव्हते. बॅटरी इतकी फुगली होती की ती कप्प्यातून निघेना. लोखंडी हत्यार लावले तर ती टोचली जाण्याची भीती होती. म्हणून तिच्या पाठीवर चिकटपट्टी लावून, थोडी थोडी ओढत, दीड तासाने बाहेर काढली. त्या मॉडेलचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात पर्यायी बॅटरी मिळाली. ती आणून दुपारी कार्यालयात चार्जरला लावली, तर दिवा लुकलुकू लागला. सॉकेट बदलले, पट्ट्या घासल्या, मधली पट्टी पुन्हा पुन्हा पाहिली. दिवा तसाच. दुकानदाराने जुना माल दिला, असे एकाचे मत पडले. दुसऱ्याने विज्ञानाच्या कपाटातील तापमापी आणून टेबलावर ठेवली. पारा ४२ वर गेला.

लिथियम बॅटरी साधारणपणे शून्य ते ४० अंश सेल्सिअस या मर्यादेत भरायची असते. मे महिन्यातील दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ती मर्यादा ओलांडली जाते, हे चार्जरला आमच्या आधी कळले होते. रात्री पाणी मारून गार केलेल्या फरशीवर चार्जर ठेवला. पहाटे साडेचारला दिवा लाल झाला आणि लालच राहिला. मुले नसलेल्या त्या शांत वसतिगृहात आम्ही तिघे एका दिव्याकडे पाहत बसलो होतो. कोणी पाहिले असते तर काय समजले असते कोण जाणे. उजाडल्यावर दिवा हिरवा झाला.

कॅमेऱ्याने प्रथम तारीख विचारली. आत घड्याळासाठी एक वेगळी, चिमुकली बॅटरी असते. तिला मुख्य बॅटरीकडून अन्न मिळते, आणि मुख्य बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली की ती तारीख विसरून कारखान्यात घातलेल्या पहिल्या दिवसावर परत जाते. आत चौदा फोटो होते. त्यांतील पाच मुलींच्या लेझीमचे. नवव्यात मावशी होत्या, कडेला, पाठमोऱ्या. अकराव्यात त्यांनी वर पाहिले आहे. एक हात परातीत आहे, दुसऱ्याने डोळ्यांवरचा धूर वारला आहे, आणि चेहऱ्यावर त्रासिक हसू आहे, जसे कामाच्या वेळी मध्ये येणाऱ्या पोरांसाठी असे. केबल लावून सर्व फोटो संगणकावर घेतले, पेनड्राइव्हवर आणि सीडीवर आणखी दोन प्रती काढल्या, मगच कॅमेऱ्याला हात लावला.

मावशींच्या लेकीला बोलावून पडद्यावर फोटो दाखवला. ती बराच वेळ चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. मग म्हणाली, ‘हे लुगडं अजून हाय माझ्याकडं.’

फोटोच्या कोपऱ्यात केशरी अंकांत १ जानेवारी २००८ अशी तारीख आहे. ती खरी नाही. त्या दिवशीही घड्याळाची बॅटरी उतरलेलीच असावी. मागे उभ्या असलेल्या दोन मुलांना आम्ही ओळखले. त्यांच्या सांगण्यावरून ते पाचवीत होते, म्हणजे वर्ष २०१० ठरते, आणि अंगात स्वेटर आहेत म्हणजे हिवाळा. स्मरणिकेत छायाचित्र छापताना कोपऱ्यातील तारीख पुसावी, असे मुद्रकाने सुचवले. आम्ही ती तशीच ठेवली आहे आणि खाली वर्षाची दुरुस्ती दिली आहे.

ज्यांच्या घरी असे कॅमेरे आहेत त्यांनी बॅटरी काढून वेगळी ठेवावी. पूर्ण भरून नव्हे, पूर्ण रिकामी करूनही नव्हे, साधारण अर्धी भरून, उन्हापासून दूर. सहा महिन्यांनी एकदा तपासावी. चार्जर त्याच पिशवीत असावा, कारण बॅटरी सापडते आणि चार्जर सापडत नाही, हाच सार्वत्रिक अनुभव आहे.

दोन कॅमेरे अजून शाळेच्या लोखंडी कपाटात आहेत. एकाचे भिंग अडकले आहे. ते काम कारागिराचे. दुसऱ्याची बॅटरी फुगलेली नाही, पट्ट्या स्वच्छ आहेत, पण चार्जर हरवला आहे आणि पट्ट्या खोल खाचेत असल्याने मोबाइलच्या दुकानातील चिमट्याचा चार्जर तेथे पोहोचत नाही. पिशवीवर मालकाच्या अक्षरात ‘१४ एप्रिल, मिरवणूक’ एवढेच लिहिले आहे. बॅटरीचे मॉडेल कार्यालयातील फलकावर लावले आहे. ज्यांच्या घरी, ट्रंकेत किंवा माळ्यावर, त्या मॉडेलचा चार्जर पडून असेल त्यांनी कृपया तो दोन दिवसांसाठी द्यावा.